भिंतीवरचा बंब : ज्योत निळी हवी, वाट मोकळी हवी



तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी आजीच्या वेळचा तांब्याचा बंब अजून माळ्यावर पडलेला असेल. मधोमध उभी नळी, खाली राखेची जाळी, बाजूला पितळी तोटी. पहाटे उठून त्यात ढलप्या, गोवऱ्या, मक्याची बुरकुंडे टाकायची, चिमूटभर रॉकेल शिंपडायचे आणि बंब पेटवून द्यायचा. पण पेटवायचा कुठे? अंगणात, नाहीतर मागच्या पडवीत. बंब न्हाणीत नेऊन, दार लावून कोणी आंघोळीला बसल्याचे तुम्ही ऐकले आहे का? विस्तव आणि माणूस एका बंद खोलीत कोंडायचे नाहीत, एवढे शहाणपण शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही होते.

आता तो बंब गेला. उज्ज्वला योजना 2016 साली सुरू झाली आणि गॅसची टाकी लहान लहान वाड्यांपर्यंत पोहोचली. स्वयंपाकघरातला धूर गेला, बायाबापड्यांच्या डोळ्यांचे पाणी थांबले, ही मोठीच सोय झाली. ज्यांनी नवे घर बांधले त्यांनी संडास-बाथरूम घरातच घेतले आणि भिंतीवर गॅसचा गीझर लटकवला. तोटी फिरवली की ‘टक टक टक’, ‘भप्प’, आणि गरम पाणी हजर! हा गीझर म्हणजे दुसरे काही नाही, तो आपला जुना बंबच आहे. अंगणातून उठून न्हाणीघराच्या भिंतीवर चढला एवढेच. धूर दिसेनासा झाला म्हणून आपण समजलो की धूर नाहीच. इथेच फसगत होते.

पित्ताच्या गोळ्या आणि साळुंकीचे घरटे

आमच्या नात्यातल्या एका घरची हकिकत सांगतो. घर शेतावरच, नवे बांधलेले. पौष महिन्यातली थंडी. घरात सासू, सासरे, मुलगा, सून आणि दोन लहान नातवंडे. न्हाणीघर चार फूट बाय पाच फुटांचे. त्यात गीझर, आणि गीझरच्या डोक्यावरून बाहेर गेलेला पत्र्याचा पाइप. म्हणजे बसवणाऱ्याने काम तसे रीतीने केले होते. पण वाऱ्याची झोंबणी लागते म्हणून घरच्यांनी वरच्या झरोक्याला खताच्या गोणीतला प्लॅस्टिकचा कागद ठोकून टाकला.

पुढे पंधरा दिवस घरात एक चमत्कारिक प्रकार चालला. जो आंघोळ करून येई तो कपाळ धरून बसे. सासूबाईंना मळमळे, सासऱ्यांना गरगरे. कोणी म्हणाले थंडी बाधली, कोणी म्हणाले पित्त चढले. पित्ताच्या गोळ्यांचे पाकीट संपले, आले-लिंबाचा रस झाला. गीझरची ज्योत पूर्वी निळी असायची ती पिवळी झाली होती, आणि गीझरच्या वर भिंतीला काळा ओघळ आला होता. तो सगळ्यांनी पाहिला, पण त्याचा आणि डोकेदुखीचा संबंध कोणाच्या ध्यानात आला नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

एके दिवशी सून डोके धुवायला गेली. वेळ लागला. सासूबाईंनी हाक मारली, ओ नाही. दुसरी हाक मारली, ओ नाही. आतून फक्त पाणी पडल्याचा आवाज. नशीब असे की धाकट्या पोराने हाक मारली तर उठता यावे म्हणून तिने कडी लावलेली नव्हती. दार ढकलले तर पोरगी भिंतीला टेकून बेशुद्ध. ओढून ओसरीवर आणली, गाडी बोलावली, दवाखान्यात प्राणवायू लावला. दोन दिवसांनी ती घरी आली. आज ठणठणीत आहे.

मग मिस्त्रीने बाहेरचा पाइप उतरवला. त्याच्या तोंडात साळुंकीचे घरटे निघाले. काटक्या, चिंध्या आणि सुतळीचा बोळा. पंधरा दिवस गीझर जे बाहेर टाकायचे ते घरातच टाकत होता.

कडी लागलेली असती तर? हा ‘तर’ आठवला की आजही त्या घरात कोणी बोलत नाही. म्हणून हा लेख. तुमच्या घरी गीझर असेल तर तो शांतपणे वाचा, आणि नसेल तर घेण्याआधी वाचा.

गीझरच्या पोटात काय चालते?

रोग ओळखायचा तर आधी शरीर माहीत हवे. गीझरचे शरीर तसे साधे आहे. खालून थंड पाणी आत येते. त्याच्या दाबाने एक रबरी पडदा उचलला जातो. तो पडदा दोन कामे करतो. गॅसची वाट उघडतो आणि बटण दाबून ठिणगी पाडतो. ठिणगीसाठी खाली दोन मोठे सेल असतात. ‘टक टक’ आवाज त्या ठिणगीचा. गॅस बारीक भोकांच्या जेटमधून जोराने निघतो, निघता निघता बाजूची हवा ओढून घेतो, आणि हवा-गॅसचे हे मिश्रण बर्नरवर पेटते. जर्मन शास्त्रज्ञ बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत 1855 च्या सुमारास तयार झालेल्या बर्नरचे तत्त्व हेच. तुमची मुले शाळेच्या प्रयोगशाळेत तो बर्नर पाहत असतील.

ज्योतीच्या वर तांब्याच्या पातळ पात्यांची जाळी असते. तिच्यात पाण्याची नळी फिरवलेली असते. गरम वायू पात्यांमधून वर जातो, पाणी तापते, आणि उरलेला वायू डोक्यावरच्या तोंडातून बाहेर पडतो. ज्योतीजवळ एक लहान दांडी असते. ज्योत विझली हे तिला कळते आणि ती गॅस बंद करवते. ती गीझरची राखणदार.

गंमत अशी की अशा झटपट पाणी तापवणाऱ्या यंत्राला ‘गीझर’ हे नाव दिले ते लंडनच्या बेंजामिन मॉघन या गृहस्थाने, 1868 मध्ये. आइसलँडमधल्या उकळत्या पाण्याच्या झऱ्यावरून त्याने ते घेतले. पण त्याच्या गीझरला धूर बाहेर नेणारा पाइपच नव्हता, आणि म्हणून तो घरात वापरायला धोक्याचाच होता. दीडशे वर्षांपूर्वीची ती चूक आपण आपल्या न्हाणीघरात पुन्हा करायला नको.

चिमुकल्या खोलीतला हिशेब

आता थोडे गणित करू. घाबरू नका, बाजाराच्या हिशेबाइतकेच सोपे आहे.

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे बारा घनमीटर, म्हणजे सव्वाचारशे घनफूट हवा लागते. तर वीस मिनिटांच्या आंघोळीला लागली सुमारे एकशेचाळीस घनफूट. आणि चार फूट रुंद, पाच फूट लांब, आठ फूट उंच न्हाणीघरात हवा किती? एकशेसाठ घनफूट! म्हणजे दार-झरोका बंद असेल तर तुमच्या वाटणीची बहुतेक हवा गीझरच खाऊन टाकतो. त्यातच पाण्याची वाफ आणि माणसाचा श्वास.

सगळी हवा संपायची वाटही पाहावी लागत नाही. हवेत प्राणवायू शंभरात एकवीस भाग असतो. तो थोडासा उतरला की ज्योत बिघडते. पुरती हवा मिळाली तर गॅसचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. हवा अपुरी पडली की काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा दुसरा वायू म्हणजे खरा मारेकरी. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. गॅसच्या टाकीला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. गॅस जळून गेल्यावर तो वासही उरत नाही. तेव्हा ‘वास येत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे’ असे म्हणू नका.

आपल्या रक्तातला लाल पदार्थ प्राणवायू वाहून नेतो. कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. एकदा बैलगाडीवर दगड भरले की धान्याच्या पोत्यांना जागा कुठून मिळणार? तशी गत. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. मग पायातले बळ जाते. दार उघडावे असे मनात येते पण हात उठत नाही. म्हणून माणूस ओरडतही नाही.

तुमच्या ओळखीचे आणखी एक उदाहरण देतो. खोल विहिरीत ऑइल इंजिन उतरवून चालवले आणि माणूस खाली गेला तो वर आला नाही, असे प्रकार जुन्या मंडळींनी ऐकलेले आहेत. थंडीत कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपण्यातही हाच धोका. तिन्ही ठिकाणी मारेकरी एकच.

ज्योत बोलते, तुम्ही ऐका

जनावर आजारी पडले की ते बोलत नाही, पण त्याचे कान, नाक, शेण पाहून तुम्ही ओळखता. गीझरचेही तसेच आहे. समोरच्या लहान खिडकीतून ज्योत पाहा. ती ठाम, निळी, सारख्या उंचीची हवी. कधी एखादी नारिंगी ठिणगी उडाली तर ती धुळीची असते, त्याची चिंता नको. पण ज्योत पिवळी, लांब, मऊ, डोलणारी झाली तर गीझर बंद करा.

आता एकेक दुखणे घेऊ.

*टकटक होतच नाही.* आधी सेल बदला. सेल दमट जागी असतात, त्यांच्या टोकांना हिरवट-पांढरे किटण चढते. तेवढे पुसले तरी पुष्कळदा काम होते. तरीही टकटक नसेल तर पाण्याचा दाब कमी असेल. पाणी रबरी पडदा उचलेल तेव्हाच ठिणगी पडते. टाकी गच्चीवर अगदी गीझरच्या डोक्यालगत असेल तर दाब कुठून येणार? दहा फूट उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण तीनशे ग्रॅम दाब मिळतो. टाकी उंचावर घ्यावी, किंवा कमी दाबावर चालणारा गीझर घ्यावा. शिवाय पाणी आत येते तिथे बारीक जाळी असते. विहिरीच्या पाण्यातला गाळ तिच्यात साचतो. पाण्याचा कॉक बंद करून जाळी काढावी, जुन्या दात घासायच्या ब्रशने धुऊन परत बसवावी. हे काम घरी करता येते.

*टकटक होते, पण पेट घेत नाही.* टाकी संपली आहे का, रेग्युलेटर उघडा आहे का ते पाहा. नवी टाकी लावल्यावर नळीत हवा असते, त्यामुळे पहिल्या एक-दोन खेपा फुकट जातात. त्याहून जास्त खेपा करत बसू नका. न जळलेला गॅस साचत जातो.

*पेटतो आणि विझतो.* राखणदार दांडीवर काजळी चढली असेल तर तिला ज्योत दिसत नाही. सेल मरायला टेकले असतील तरीही असे होते. काही गीझरांत वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, काहींत हवा बिघडली की बंद होण्याची. मग लोक म्हणतात, ‘मेला सारखा विझतो’, आणि मिस्त्रीला सांगून ती सोयच काढून टाकतात! हे म्हणजे भुंकतो म्हणून राखणीचा कुत्रा मारण्यासारखे आहे. तो का विझतो ते शोधा.

*भप्पकन मोठा आवाज करून पेटतो.* ठिणगी उशिरा पडते आणि तोवर गॅस साचतो. ठिणगीची दांडी वाकली असेल, घाण झाली असेल. असा गीझर पुन्हा पेटवून पाहू नये. मिस्त्रीला बोलवावे.

*ज्योत पिवळी, वर काजळी.* हवा घेण्याच्या भोकांत धूळ, कापसाचे तंतू, कोळ्याचे जाळे. पावसाळ्याचे चार महिने गीझर बंद होता, तेवढ्यात बर्नरच्या नळीत चिमुकल्या कोळ्याने घर केले, असे नेहमी घडते. ज्योत पिवळी झाली की काजळी धरते, काजळीने तांब्याची पाती बुजतात, पाती बुजली की वायूला वर जायला वाट राहत नाही, आणि मग ज्योत अधिकच पिवळी होते. दुष्टचक्र सुरू होते. बर्नर आणि पाती वर्षातून एकदा उतरवून साफ करावीच लागतात. ते जाणकाराचे काम आहे. घरी सुईने किंवा तारेने जेट कोरू नका. भोक केसभर मोठे झाले तरी गॅस जास्त येतो आणि तुम्ही दुरुस्त करायला गेलात तेच बिघडवून बसता.

*ज्योत बर्नरवरून उचलते, फुरफुरते.* गॅसचा दाब जास्त आहे. हॉटेलच्या भट्टीचा रेग्युलेटर घरच्या गीझरला कधीही लावू नये. घरगुती रेग्युलेटर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे तीस ग्रॅम दाब देतो, आणि गीझर त्यासाठीच बनलेला असतो.

*ज्योत अशक्त, पाणी कोमट.* पुष्कळ घरांत एकाच टाकीला टी-जोड लावून शेगडी आणि गीझर दोन्ही चालवतात. हे करू नये. गॅस पुरत नाही आणि गळतीच्या जागा वाढतात. गीझरला वेगळी टाकी, वेगळा रेग्युलेटर आणि आय. एस. आय. शिक्क्याची, आत तार गुंफलेली नळी लावा. नळीवर छापलेली मुदत पाहा आणि पाच वर्षांच्या आत ती बदला.

*गरम पाण्याची धार बारीक, आत घुर्रघुर्र आवाज.* बोअरच्या पाण्याचा क्षार नळीत धरला आहे. मिस्त्रीकडून क्षार काढून घ्या, आणि गीझर कायम सर्वांत जास्त उष्णतेवर ठेवू नका. जितके पाणी तापेल तितका क्षार धरतो.

गोबरगॅसवाल्यांना एक सूचना. तुमच्या गॅसमध्ये शंभरात पन्नास-साठ भागच मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि दाबही कमी. टाकीच्या गॅसचा गीझर गोबरगॅसला जोडला तर तो नीट जळणार नाही. जेट आणि बर्नर दोन्ही त्या गॅससाठीच बनवलेले हवेत.

धुराची वाट

ज्योतीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाट. बंबाला, चुलीला, गुऱ्हाळाला धुराडे असते. मग गीझरला का नको? बाजारातले पुष्कळ लहान गीझर पाइपाशिवाय मिळतात. तसला गीझर बंद न्हाणीघरात लावणे म्हणजे धुराडे नसलेला बंब आत घेणे.

सर्वांत उत्तम जागा न्हाणीघराच्या बाहेर. मागच्या पडवीत, उघड्या पण वाऱ्या-पावसापासून आडोशाच्या भिंतीवर गीझर लावा आणि गरम पाण्याची नळी भिंतीतून आत घ्या. चार हात नळी आणि गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढाच काय तो जादा खर्च. मात्र गीझर न्हाणीघराच्या किंवा निजायच्या खोलीच्या खिडकीखाली नको, नाहीतर बाहेर टाकलेला वायू परत आत येईल. टाकी उभी ठेवा, खड्ड्यात किंवा तळघरात नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचून राहतो.

पाइप लावायचा असेल तर हे नियम पाळा. पाइपाची रुंदी गीझरच्या तोंडाइतकी हवी, मध्येच बारीक करू नये. तोंडापासून आधी सरळ वर, मग आडवा. आडवा भाग जितका आखूड तितका बरा, आणि तोही बाहेरच्या दिशेने चढता. वळणे कमीत कमी. पाइपाचे तोंड माळ्यावर किंवा पत्र्याच्या वळचणीखाली सोडू नये, मोकळ्या हवेत काढावे. तोंडावर पावसाची टोपी आणि पाखरे शिरणार नाहीत अशी सुटसुटीत जाळी. बारीक मच्छरदाणीची जाळी लावू नका, ती काजळीने बुजते.

न्हाणीघराला दोन झरोके हवेत. एक खाली जमिनीलगत, एक वर छताजवळ. खालून ताजी हवा येते, वरून गरम हवा जाते. खालच्या झरोक्यातून गळलेला गॅसही निघून जातो. हे झरोके काचेने, कागदाने, चिंध्यांनी बुजवू नका. थंडी वाजली तर अंगावर पाणी जरा जास्त घ्या, पण झरोका उघडा ठेवा.

आणि हवा ओढणारा पंखा? तो लावला म्हणजे काम झाले असे वाटते. पण पाइप असलेल्या गीझरच्या खोलीत खालून ताजी हवा यायला वाट नसेल, तर पंखा पाइपातला धूरच उलटा खाली ओढतो. तेव्हा गीझरच्या खोलीत जाणकाराला विचारल्याशिवाय पंखा लावू नये.

वाट मोकळी आहे की नाही याची एक परीक्षा घरी करता येते. दार आणि खिडकी नेहमीसारखी लावून गीझर पाच मिनिटे चालवा. खोलीत कोणी आंघोळीला नको. आधी गॅसचा वास नाही याची खात्री करून घ्या. मग पेटलेली उदबत्ती गीझरच्या डोक्यावर, पाइपाच्या बुडाशी असलेल्या फटीजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. धूर बाहेर ढकलला गेला किंवा इकडे तिकडे भरकटला तर गीझर तिथेच बंद करा, दार उघडा आणि पाइप तपासून घ्या. पण ही परीक्षा उतरली म्हणून वर्षाची साफसफाई चुकवू नका.

आजपासून एवढे करा

गीझर बाहेर हलवायला महिना लागेल, पण आंघोळ तर उद्या सकाळीही आहे. तोवर एक नियम घरात लावा. दार सताड उघडे ठेवून बादली भरा. सहा लिटरच्या गीझरला वीस लिटरची बादली भरायला साडेतीन मिनिटे पुरतात. मग गीझर बंद करा, जरा हवा खेळू द्या, आणि मगच आंघोळीला बसा. आत माणूस असताना गीझर चालू नाही! एकामागून एक पाचजणांच्या आंघोळी उरकायच्या असतील तेव्हा तर हा नियम अधिकच पाळा, कारण शेवटच्याच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा येते. आणि घरात शेवटी आंघोळ करते ती बहुधा सून नाहीतर सासूबाई. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला तर या वायूचा धोका आईपेक्षाही जास्त.

आंघोळीनंतर डोके दुखते, आणि घरातल्या एकाहून अधिक जणांचे दुखते, तर औषधाआधी गीझर पाहा. न्हाणीघराच्या भिंतींना रोज नको इतका घाम फुटत असेल, गीझरच्या वर काळा डाग असेल, ज्योत पिवळी असेल, तर ह्या सगळ्या एकाच गोष्टीच्या खुणा आहेत. कार्बन मोनॉक्साइड ओळखून घंटा वाजवणारे छोटे यंत्रही मिळते. जमल्यास घ्यावे. पण ते झरोक्याच्या जागी नव्हे, झरोक्याच्या जोडीला.

अपघात झालाच तर

आत गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडायला मागेपुढे पाहू नका. पण एकजण आत पडला म्हणून दुसऱ्याने तसेच आत शिरून पडू नये. आधी दार सताड उघडा, श्वास रोखून आत जा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. मग गॅस बंद करा. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा. श्वास बंद असेल आणि कोणाला येत असेल तर छाती दाबून श्वास देण्याचा उपचार ताबडतोब सुरू करा. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे. कांदा हुंगवणे, चप्पल हुंगवणे, तोंडात पाणी ओतणे यात वेळ घालवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेले पाणी फुप्फुसात जाते.

दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हे बोला : ‘न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू होता.’ कारण या विषबाधेत कधी कधी झटके येतात आणि पाहणाऱ्याला फिट आल्यासारखे वाटते. वैद्यकीय लिखाणात याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नाव पडले आहे. बाहेरचे काही लागले म्हणून देवऋषाकडे धाव घेणारेही आपल्यात आहेत. त्यात मोलाची घटका जाते. आणखी एक लक्षात ठेवा. कोविडच्या साथीत घरोघरी आलेले, बोटाला लावून प्राणवायू मोजणारे यंत्र इथे फसवते. त्याला प्राणवायू आणि हा विषारी वायू यांतला फरक कळत नाही, म्हणून ते आकडा चांगलाच दाखवते. त्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नका. दवाखान्यात पूर्ण प्राणवायू लावला की हा वायू रक्तातून पुष्कळ लवकर निघतो. साध्या हवेत तो निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, प्राणवायूवर तासा-दीड तासात तो निम्म्यावर येतो.

न जळलेल्या गॅसचा वास आला तर विजेचे बटण ना चालू करा ना बंद. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 1906 हा गॅसगळतीचा क्रमांक लावा. गळती शोधायची ती साबणाच्या फेसाने, काडी पेटवून नव्हे.

दिवाळीच्या झाडलोटीत

शेवटी एक विनंती. पेरणीआधी तुम्ही तिफण तपासता, सुगीआधी मळणीयंत्र ग्रीस करता. तसेच दिवाळीच्या झाडलोटीत, थंडी पडायच्या आत, गीझरसाठी एक सकाळ ठेवा. बर्नर आणि पाती साफ, सेल नवे, नळीची मुदत पाहिलेली, पाइपाच्या तोंडावरचे घरटे काढलेले, झरोके मोकळे. आणि घरातल्या सगळ्यांना, अगदी पाहुण्या आलेल्या भाच्यांनाही, एक गोष्ट पाठ करून द्या : ज्योत निळी, वाट मोकळी.

आमच्या नात्यातल्या त्या घरी आता गीझर मागच्या पडवीत आहे, आजीचा बंब असायचा अगदी त्याच जागी. न्हाणीघराच्या झरोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद सासूबाईंनी स्वतःच्या हाताने काढून टाकला. दुसऱ्या वर्षी साळुंकी परत आली, तेव्हा तिच्यासाठी पोरांनी गोठ्याच्या आढ्याला एक फुटका माठ टांगून दिला. तिचे घर तिथे, आणि धुराची वाट मोकळी.

हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी एकदा उठा आणि आपल्या न्हाणीघराचा झरोका पाहून या. उघडा आहे ना?